पाठीवरचे फुटाणे

एलिफासनं वाळूतलं शेण उचललं, दोन्ही हातांनी मोडलं आणि आतल्या काड्या आमच्यापुढं धरल्या. देवळात प्रसाद द्यावा तसा.

"पहाटेचं आहे म्हणतो," भागवत म्हणाला. "आत अजून ओल आहे."

"पहाटेचं कुठलं? त्याला म्हणावं, पन्नास वर्षं माझे हात शेणात आहेत. दिवस उगवून गेल्यावरचं आहे हे. वर अजून पापुद्रासुद्धा धरला नाही."

भागवतनं ते इंग्रजीत सांगितलं. एलिफासनं पुन्हा बोट लावून बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि मान हलवत हसला.

"काय म्हणाला?"

"म्हातारी बरोबर बोलते म्हणाला."

"म्हातारी म्हणाला?"

"आई म्हणाला, आई."

मागनं आवाज आला, "भागवत, शेणाच्या परीक्षेत पहिल्या आल्या बघ तुझ्या आई. पेढे वाट."

बोलली ती लंका, माझी धाकटी जाऊ. मला म्हणाली नाही, भागवतला म्हणाली. मला ती काहीच म्हणत नव्हती. त्याला अकरा वर्षं झाली होती.

नामिबिया नावाचा देश आफ्रिकेत आहे हे मला भागवत तिकडं गेला तेव्हा कळलं. माझा एकुलता एक. बार्शीला बोअरच्या गाडीवर होता, तिथनं त्या वाळवंटात पाणी काढायला गेला. चार वर्षं बोलावत होता, पण त्याची एक अट होती. "दोघी या. एकटी कुणी येऊ नका." घरात आम्ही दोघीच उरलो होतो. माझे मालक जाऊन वीस वर्षं झाली होती, आणि भाऊजी, म्हणजे लंकाचा नवरा, आदल्या वर्षी गेले. एवढ्या मोठ्या घरात आम्ही दोघी आणि एक मांजर. एकमेकींना काही सांगायचं असलं की मांजराला सांगायचं. "मने, पीठ संपलंय." "मने, म्हणावं उद्या लाइट नाही." मांजर बिचारं कान हलवायचं. स्वैपाक झाला की ताटावर वाटी एकदा वाजवायची, म्हणजे दुसरीनं जेवायला यायचं. लोकांच्या घरात बोलूनसुद्धा एवढं नीट चालत नाही, असं मी गावात सांगायची.

पण निघायच्या आठ दिवस आधी लंकानं पत्र्याची ट्रंक भरली. प्रवासाची नव्हे. तिची सगळी लुगडी, भाऊजींचा फोटो, तिचा पितळी डबा, सगळं त्यात घातलं आणि ट्रंक दाराशी आणून ठेवली. मांजराला म्हणाली, "मने, परत आले की मी कुर्डुवाडीला जाणार. भावाकडं. कायमची."

मी मांजरापुढं दुधाची वाटी सरकवली.

नामिबियात आम्ही पंधरा दिवस राहणार होतो. त्यातले तेरा गेले होते. ती जाईना का, असं मी मनाशी म्हणत होते. दिवसातनं चारदा म्हणत होते.

गेंडे बघायची हौस भागवतची. गाडीतनं नाही, पायी. रानातले, मोकळे. एलिफास हा तिथलाच माणूस, पन्नाशीचा, काटक. गेंड्यांचा माग काढायचा आणि त्यांना राखायचं हेच त्याचं काम. त्यानं निघताना आम्हाला उभं करून नियम सांगितले. एका ओळीत चालायचं. त्यानं हात वर केला की थांबायचं. गेंड्याला दिसतं कमी, पण ऐकू फार येतं आणि वास त्याहून जास्त येतो. एकदा गेंडा जवळ आला की एक शब्द बोलायचा नाही.

"आई, काकी, कळलं का? बोलायचं नाही," भागवत म्हणाला, आणि म्हणता म्हणता स्वतःच हसायला लागला.

"आम्हाला कशाला सांगतोस?" मी म्हणाले. "अकरा वर्षं गेंडा घरातच आहे आमच्या."

मग आठवलं म्हणून पुढं म्हणाले, "आणि तिला सांग, मिश्री लावू नको म्हणावं. वास जाईल."

लंकानं मिश्रीची डबी कमरेला खोचली. "त्यांना सांग भागवत, डबी ठेवली. त्यांची जीभ कुठं ठेवायची तेवढं त्यांनी बघावं."

असे आम्ही निघालो. पुढं एलिफास, मग भागवत, मग लंका, शेवटी मी. दोघींच्या लुगड्यांवर भागवतचे मातकट शर्ट. मी आरशात बघितलं नव्हतं, पण लंकाकडं बघून माझं ध्यान मला कळत होतं.

तो मुलूख म्हणजे नुसते तांबडे-काळे दगड. जिथवर बघावं तिथवर कुणीतरी डालीनं ओतून दिल्यासारखे. मधनं कोरड्या नदीची वाळू. झाड असं नाही, आपल्याकडच्या शेरासारखी झुडपं, काडी मोडली की पांढरा चीक गळतो तशी. गेंडा तेच खातो. एलिफासनं खाल्लेल्या काड्या दाखवल्या. विळ्यानं तिरप्या छाटाव्यात तशा कापलेल्या.

थोड्या थोड्या वेळानं तो खिशातनं एक जुना पायमोजा काढायचा. त्यात राख भरलेली होती. मोजा झटकला की राख उडायची, आणि ती कुठं जाते ते बघून तो वाट बदलायचा. वारा गेंड्याकडनं आपल्याकडं यायला हवा, आपला त्याच्याकडं जाता कामा नये.

लंका भागवतला म्हणाली, "याला राख लागते होय रे? आम्हाला कानाची पाळी पुरायची."

ते खरं होतं. मळणीयंत्र यायच्या आधी आमच्या खळ्यावर सगळी ज्वारी आम्ही दोघीच उपणायचो. मी तिपाईवर उभी राहून पाटीतलं धान्य वाऱ्यावर सोडायची आणि ती खाली बसून केरसुणीनं भुसा बाजूला सारायची. तोंड उघडलं की भुसा आत जायचा, म्हणून खळ्यावर बोलणं नसायचं. वारा फिरला तर वर माझ्या कानाच्या पाळीला आधी कळायचं. तेव्हा मी चिमूटभर दाणे तिच्या पाठीवर टाकायची. ती वर बघायचीसुद्धा नाही. उठायची आणि पलीकडच्या बाजूला जाऊन बसायची. अशा आम्ही सतरा सुगी काढल्या.

मला ते सगळं आठवलं. तिच्या बोलण्यात 'आम्हाला' होतं, ते मात्र माझ्या कानात राहिलं.

नदीच्या वाळूत एलिफास एकदम बसला. पाऊल उमटलं होतं, आपल्या परातीएवढं, तीन बोटांचं. तो काडीनं टाचेवरच्या रेघा दाखवायला लागला.

"प्रत्येकाच्या टाचेच्या भेगा वेगळ्या असतात म्हणे," भागवत सांगत होता. "त्यावरनं कोण गेलंय ते त्याला कळतं. ही एक मादी आहे. म्हातारी. वीस वर्षं ओळखतो हा तिला. फार तापट आहे म्हणतो."

"मग ती थोरलीच," लंका म्हणाली.

एलिफास आणखी काही सांगत होता. पावलाच्या दोन्ही बाजूंना हात फिरवून दाखवत होता, की इथं काही नाही, तिथंही काही नाही. भागवत ऐकत राहिला आणि त्यानं आम्हाला काहीच सांगितलं नाही.

"काय म्हणतोय तो?" मी विचारलं.

"काही नाही. एकटीच असते म्हणतो."

"एवढं लांब बोलला आणि एकटीच असते एवढंच?"

भागवत बुटाच्या टोकानं वाळू उकरायला लागला. लंका त्या पावलाकडं बघत होती. पावलाच्या आजूबाजूला दुसरं बारीक पाऊल नव्हतं.

"वासरू नाही तिला," ती म्हणाली. "कधीच झालं नाही. असंच म्हणाला ना?"

"हो काकी."

"मग अडतोस कशाला? भाकड म्हण की. आपल्याकडं शब्द आहे."

एलिफास आमच्या तोंडांकडं बघत होता.

"आता माझं एक विचार त्याला," लंका म्हणाली. "भाकड आहे तर तिला राखतात कशाला?"

भागवतनं विचारलं. एलिफासला कळलं नाही. भागवतनं दुसऱ्या शब्दांत विचारलं. एलिफासनं जरा विचार केला, त्या पावलाकडं बोट केलं आणि तीन-चार शब्द बोलला.

"काय म्हणाला?"

"प्रश्नच कळत नाही म्हणतो. ती इथली आहे म्हणतो."

लंकानं मान डोलावली, आणि पुढं चालायला लागली.

अर्ध्या तासानं एलिफासनं हात वर केला. समोर उतार होता, आणि उताराच्या तळाला, शंभर-सव्वाशे पावलांवर, मला आधी एक काळा खडक दिसला. मग त्या खडकानं कान हलवले.

एलिफासनं मला आणि लंकाला एका मोठ्या दगडाच्या आड बसवलं. तो आणि भागवत वाकून वाकून पुढच्या दगडापर्यंत गेले, दहा-बारा पावलं. वारा तोंडावर होता. म्हातारी काड्या खात होती. कडकड असा आवाज आमच्यापर्यंत येत होता. पुढचं शिंग लांब आणि झिजलेलं, कातडीला चिखल वाळून भेगा पडलेल्या. घाई कसलीच नाही. सगळं रान तिचंच होतं.

लंकाचा डावा गुडघा वाकत नाही. आडोशाला उकिडवं बसणं तिला जमेना. ती हळूच सरकत सरकत बाजूच्या एका चपट्या दगडावर जाऊन बसली, माझ्यापासनं पाच-सहा पावलं पुढं, पार उघड्यावर. तिची पाठ माझ्याकडं होती. मला रागच आला, पण बोलायचं नव्हतं.

त्या पाठीकडं बघत मी बसले.

अकरा वर्षांपूर्वी आमची कपिला गाय आटली. दोनदा भरवूनही गाभण राहिली नाही. व्यापारी दारात आला होता. भाऊजी होते, वीस वर्षांचा भागवत होता. लंका दावं धरून उभी राहिली. म्हणाली, "अक्का, राहू द्या तिला. माझ्या वाटणीचं घालीन मी तिला." मला त्या दिवशी कशाचा राग होता ते आता आठवतसुद्धा नाही. मी व्यापाऱ्यासमोर म्हणाले, "एक भाकड पोसतेय ती पुरे नाही का?"

लंकाला मूल नव्हतं. भागवत तिच्या मांडीवर मोठा झाला होता. माझ्यापेक्षा जास्त तिच्या.

तिनं दावं सोडलं नाही. आणि त्या दिवसापासनं ती माझ्याशी बोलली नाही.

व्यापाऱ्याला मी हाकलून दिलं. कपिला सहा वर्षं गोठ्यात राहिली, म्हातारी होऊन मेली. मला वाटायचं, गाय ठेवली म्हणजे झालं. तिला काय कळत नाही का? या सोजरबाईनं कुणाची माफी मागितलेली गावात कुणी बघितली नव्हती, आणि ती मी जावेची मागावी?

आणि आज माझ्या पोराला परक्या मुलखात, परक्या माणसाच्या तोंडातला तो शब्द मराठीत आणता आला नव्हता. अकरा वर्षं त्याच्याही घशात तो अडकलेला होता. हे मला माहीतच नव्हतं.

तेवढ्यात माझ्या डाव्या कानाची पाळी गार पडली.

वारा मागनं आला होता. आधी अगदी थोडा, मग मानेवर, मग लुगड्याचा काठ पुढं हलला. मी एलिफासकडं बघितलं. त्याला कळलं होतं. तो भागवतचा खांदा दाबून त्याला खाली बसवत होता. मग त्यानं मागं वळून लंकाला बघितलं आणि त्याचा चेहरा बदलला. तो हात हलवत होता, मागं जा, मागं जा. लंका त्याच्याकडं बघत नव्हती. ती म्हातारीकडं बघत होती.

खाली कडकड थांबली. म्हातारीनं मान वर केली. एक कान आमच्याकडं, मग दुसरा.

हाक मारायची नव्हती. खडा टाकला तर तो दगडावर वाजला असता. माझ्या पदराच्या गाठीत फुटाणे होते, बार्शीहून आणलेले. गाठ सोडली, चिमूटभर घेतले आणि तिच्या पाठीवर टाकले.

लंकानं वळून बघितलं नाही. तिनं हात टेकला, उठली आणि त्या आखडलेल्या गुडघ्यानं, सावकाश, आवाज न करता डाव्या बाजूनं वळसा घेऊन माझ्या दगडाच्या आड येऊन बसली. खळ्यावर बसायची तशी. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला.

म्हातारी फुस्सकन नाकातनं आवाज काढत चढाला लागली. एवढं धूड, पण पाय पोरीसारखे हलके. ज्या चपट्या दगडावर लंका बसली होती त्याच्या वीस पावलं पलीकडं येऊन ती थांबली. तिचं पोट हलताना दिसत होतं. मी श्वास धरून होते, आणि लंकाही धरून आहे हे मला खांद्याला कळत होतं. म्हातारीनं मान डावीकडं केली, उजवीकडं केली. समोर नुसते दगड. मग तिचं तिलाच काय वाटलं कोण जाणे, ती वळली आणि शेपूट वर करून उतार उतरून गेली. पलीकडच्या टेकडीआड जाईपर्यंत आम्ही चौघं तसेच बसून होतो.

एलिफास आधी आला. त्यानं लंकाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि भागवतला काहीतरी विचारलं.

"काकी, तो विचारतोय, तू उठलीस कशी? तू तर त्याच्याकडं बघत नव्हतीस."

लंकानं पाठीमागं हात घालून शर्ट झटकला. कॉलरमध्ये अडकलेला एक फुटाणा तिच्या हाताला लागला. तो तिनं एलिफासच्या तळहातावर ठेवला. त्यानं उलटासुलटा करून बघितला आणि तोंडात टाकला.

"भागवत," लंका म्हणाली, "त्यांना सांग, अजून नेम चांगला आहे म्हणावं."

"आई, काकी म्हणतेय—"

"ऐकलं मी. बहिरी नाही मी." आणि मग मला माझाच आवाज ऐकू आला. "लंके."

तिनं मान वर केली. अकरा वर्षांनी मी तिचं नाव तिच्याच तोंडाकडं बघून घेतलं होतं.

"लंके, चुकलं माझं. त्या दिवशी. दारात."

एवढंच बोलायला मला घाम फुटला होता, त्या वाऱ्यात.

लंका माझ्याकडं बघत राहिली. भागवत दगडाकडं बघत होता. मग ती वळली, आणि मराठीचं अक्षर न कळणाऱ्या त्या एलिफासला म्हणाली, "बाबा, त्यांना सांग, ऐकलं म्हणावं."

एलिफासला काय वाटलं देव जाणे. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, माझ्याकडं तोंड केलं आणि गंभीरपणानं मान हलवली.

दोन दिवसांनी आम्ही परत आलो. विमानात ती बोलली नाही, बार्शीच्या गाडीतही नाही. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी तिचा भाचा जीप घेऊन आला आणि ट्रंक उचलून ठेवली. जाताना तिनं मांजराच्या पाठीवरनं हात फिरवला. मी दारात उभी होते. थांब म्हणायचं तोंडाशी आलं होतं. पण मला वाटलं, माझं बोलून झालं, आता तिचं तिनं ठरवू दे. आयुष्यात पहिल्यांदाच मी असं कुणाला ठरवू दिलं असेल.

बावीस दिवस गेले. स्वैपाक झाला की मी सवयीनं ताटावर वाटी वाजवायची. मांजर यायचं.

तेविसाव्या दिवशी सकाळी मी अंगणात पायरीवर बसून तूर पाखडत होते. पुढं सूप, शेजारी मांजर. फाटकाचा आवाज झाला तो मला वाटलं दूधवाला असेल. मग पाठीवर काहीतरी पडलं. हलकं. चार-पाच दाणे, एक ब्लाउजच्या गळ्यातनं आत गेला.

मी मागं वळून बघितलं नाही. सूप उचललं, उठले आणि पायरीच्या पलीकडच्या टोकाला जाऊन बसले.

रिकाम्या जागेवर ती टेकली. गुडघा लांब केला. ट्रंक फाटकाशीच होती, ती आत आणायला कुणाला तरी बोलवावं लागणार होतं.

"चहा झाला का?" ती म्हणाली.

मांजरानं मान वर करून तिच्याकडं बघितलं. पण ती मांजराला म्हणाली नव्हती.